मिर्ताचा हात कोणी धरायचा

मोन्तेविदेओ,
१४ एप्रिल १९८५

ती. ताईस,
धाकट्या मिल्तोनचे शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारच्या बाईनं सगळा रस्ताभर मला तिच्या पित्ताशयाची हकिगत ऐकवली आणि उतरताना म्हणाली की तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस हल्ली मिळत नाही. आता त्या माउलीला काय ठाऊक, की अकरा वर्षं तुरुंगात काढून मला बाहेर येऊन जेमतेम महिना झालाय आणि कोणी गप्प बस म्हणायच्या आतच मी गप्प बसतो! तू बांधून दिलेला केक घरमालकीणबाईंनी नुसता चाखायला म्हणून घेतला. उरलेला चतकोर मी खाल्ला.

आठवडाभर तुझ्याकडे राहिलो, पण आभार मानले नाहीत. मानले असते तर तू लाटणं घेऊन अंगावर आली असतीस, म्हणून आता लांबून मानतो. आई झकास आहे. मी पुरे म्हटलं की तिला ऐकू येत नाही, आणि शेजारणीशी आपण कुजबुजलो की सगळं ऐकू येतं. हे असलं बहिरेपण मलाही मिळो.

रविवारची ती परसातली दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. तू येर्बाचा कडू चहा एकाच भोपळ्यात भरभरून सगळ्यांना ओळीनं देत होतीस, मिर्ता आणि आरिएल एकमेकांना इतके खेटून बसले होते की मधून वाराही जाऊ नये, आणि तुझा तो होणारा व्याही, आरिएलचा बाप एलादिओ. ताई, तो माणूस मला फार आवडला बघ. सुटल्यापासून जो भेटतो तो एक तर खोदून खोदून विचारतो, नाहीतर त्या काळात आपणही किती सोसलं ते ऐकवतो. हा गृहस्थ दोन तास बसला, भोपळा हातात आला की त्यातली नळी ओढली, परत दिला, आणि तोंडातून एक अक्षर नाही. नुसती मान हलवायचा. त्याच्या शेजारी बसल्यावर माझं अंग सुटल्यापासून पहिल्यांदा सैल पडलं. चुनखडीच्या खाणीवर वजनकाटा सांभाळतो म्हणालीस ना? असा व्याही मिळायला नशीब लागतं.

आणि मिर्तानं मला जे विचारलं ते. ओमारभावजी हयात नाहीत, तर मामा, माझा हात धरून मला वेदीपर्यंत तू नेशील का, म्हणाली. मी तिथं काहीतरी थट्टा केली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडून आलो. एवढी वर्षं लोकांनी मला हुकूम दिले. माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं गं. इथं ज्या कुलपांच्या दुकानात लागलोय (हो, हस, मीही हसतो) तिथल्या मालकानं ओळखीच्या शिंप्याकडे नेलं. राखाडी सूट शिवायला टाकलाय. सप्टेंबरात तुझ्या गावातल्या बायका म्हणतील की हा नवरा मुलगा जरा वयस्क दिसतो.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
मिल्तोन


मिनास,
२९ एप्रिल १९८५

चि. मिल्तोन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वेळेवर पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेनं मला परत घेतलं खरं, पण नऊ वर्षांनी वर्गात उभं राहायचं म्हणजे दमछाक होते. पोरांची अक्षरं अशी की कोंबडी पायाला शाई लावून फिरली असती तर बरं लिहिलं असतं. आठवडाभर पाऊस, त्यामुळे घरोघर तळणी चढलेली. आईनं साखर पेरलेल्या चार पुऱ्या खाल्ल्या आणि डॉक्टरांना दोन सांगितल्या.

लग्नाचं म्हणशील, तर मी जरा विचार करत होते. तू घाई करू नयेस असं वाटतं. सप्टेंबरातही इथं गारठा असतो आणि तुझी छाती अजून धरलेली आहे. त्यातून नातेवाइकांचा गोतावळा. दहाजण दहा प्रश्न विचारतील, तुला नकोसं होईल. ओमारचा भाऊ मिर्ताचा हात धरायला एका पायावर तयार आहे. आमच्याकडच्या रीतीनं मान तसा त्याचाही आहेच. तू नंतर निवांत ये, चार दिवस राहा, आपण तिघंचौघं बसून जेवू. सुटाचं शिंप्याला थोडं थांबायला सांग.

व्याही बरे आहेत. ते मुळात फारसे बोलत नाहीत.

दुधात मध घालून पीत जा. आईचे आशीर्वाद. पत्र पाठव, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी ताई,
एल्बिया


मोन्तेविदेओ,
८ मे १९८५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वर्गातल्या पोरानं खोटं सांगितलं की तू त्याच्या कानाकडे बघायचीस, कान लाल होतात म्हणून. तुझ्या पत्राचे कान लाल आहेत.

छाती आणि गारठा राहू दे. मला सरळ सांगायचं, की गावच्या चर्चमध्ये, फोटोत, आरिएलच्या माणसांसमोर, तुरुंगातून आलेला मामा नको. यात लाजायचं काय? मी काही आकाशातून पडलो नाही, मला कळतं. लष्करी सरकारनं देशातल्या एकूण एक माणसाला अ, ब, क असे शिक्के मारले तेव्हा तुला सगळ्यांत खालचा क मिळाला तो माझी बहीण म्हणून. तुझी शाळा गेली ती माझ्यापायी. तू दारोदार शेवया आणि केक विकलेस. मिर्ताचं ते पहिलं लग्न, त्या फार्मसीवाल्याच्या मुलाशी ठरलेलं, ते कशानं मोडलं तेही मला ठाऊक आहे. तू एका शब्दानं कधी बोलली नाहीस, पण तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी तुझे झिजलेले बूट मला दिसायचे. त्या बुटांची मला अजून लाज वाटते.

म्हणून यावेळी मिर्ताचं काही बिघडणार असेल तर मी बाजूला होतो. एका अक्षरानं कुरकुर करणार नाही. फक्त ते तू माझ्या तोंडावर सांग. ओमारभावजींच्या भावाआड लपू नकोस. तो सकाळपासून पिऊन असतो आणि वेदीपर्यंत मिर्तालाच त्याचा हात धरून न्यावं लागेल.

राग नाही. लोभ कमी केला असशील तर तेवढं कळव.

मिल्तोन


मिनास,
१९ मे १९८५

चि. मिल्तोन,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून राहिले आणि दूध उतू गेलं. अरे, तुझी लाज? तुझी लाज मला वाटेल असं तू समजलास तरी कसं! लाज आहे, पण ती माझी मला. ऐक आता, आणि पुरतं वाचल्याशिवाय कागद फाडू नकोस.

एलादिओ नेहमीच खाणीच्या काट्यावर नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो या गावात आला. त्याआधी तो उत्तरेकडच्या छावणीत होता, लष्करात, नर्स म्हणून. ज्या छावणीत तुला पहिले पाच महिने ठेवलं होतं, तीच छावणी आणि तेच महिने.

मला हे तू सुटलास त्या आठवड्यात कळलं. तोपर्यंत सोयरीक पक्की झाली होती. तो एकटा घरी आला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. म्हणाला, की तुमच्या भावाचं नाव आज आरिएलच्या तोंडून ऐकलं, आणि मला तो आठवतो. म्हणाला, की कैद्यांच्या डोक्यावर कापड असायचं, त्यामुळे तोंडानं तो मला ओळखणार नाही, आवाजानं ओळखेल. मारहाण चालू असताना कैद्याची नाडी बघायचं काम त्याचं होतं. चालू ठेवा, किंवा आज पुरे, एवढंच तो म्हणायचा. मग त्यानं मला विचारलं, की आता काय करायचं. लग्न मोडायचं असेल तर तो मोडायला तयार होता. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आणि मी काय केलं असेल? मिर्ता सत्तावीस वर्षांची आहे. एकदा तिचं मोडलेलं मी पाहिलंय. ती पोर महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी एलादिओला म्हटलं, की यायचं, बसायचं, पण माझा भाऊ समोर असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हे मी म्हटलं. ती कल्पना माझी. तुला जो माणूस इतका आवडला, तो मी गप्प बसवलेला माणूस होता.

पुढचं तर सांगवत नाही. तू आईजवळची खुर्ची सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसलास. भोपळा बसल्या ओळीनं फिरतो, त्याच्यानंतर तू. आपल्यात नळी पुसून देणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर थुंकणं, त्यामुळे पुसूही शकत नाही. सांडल्याचं नाटक करता आलं असतं. पाणी थंड झालं म्हणून आत जाता आलं असतं. मी काही केलं नाही. त्यानं ओढलेली नळी मी गरम पाणी घालून तुझ्या हातात दिली, एकदा नाही, अख्खी किटली संपेपर्यंत. आणि तू दर वेळी माझ्याकडे बघून हसत होतास.

सप्टेंबरात तू तिथं उभा राहशील आणि व्याही म्हणून त्याला चार शब्द बोलावेच लागतील. म्हणून मी तुला येऊ नकोस म्हणत होते. तुझी छाती, तो गारठा, सगळी थापेबाजी होती.

मिर्ताला माहीत नाही. आईला माहीत नाही. तू काय म्हणशील ते मला मान्य आहे. शिव्या द्यायच्या तर दे, पण लिही.

एल्बिया


मोन्तेविदेओ,
१७ जून १९८५

एल्बिया,

वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. नमस्कार आहेच, मोठी आहेस.

महिना लागला. पहिले काही दिवस मी दात घासत होतो. मग मलाच हसू आलं. तुरुंगात मी त्या नळीपेक्षा कितीतरी वाईट गोष्टी तोंडात घातल्यात. त्या नळीचं मला काही नाही. भरून देणारा हात तुझा होता, एवढंच आहे.

आता माझं ऐक. हे मी कोणालाच सांगितलं नाही, बराकीतल्या सोबत्यांनाही नाही, कारण त्यांनी मला पुन्हा तोंड दाखवू दिलं नसतं. मी त्या आवाजाची वाट बघायचो. लहानपणी ताप भरला की आईच्या पावलांची वाट बघायचो ना, अगदी तशी. तो आला म्हणजे थोडा वेळ सगळं थांबणार. आज पुरे म्हणाला की मी त्याचे आभार मानायचो. मोठ्यानं, ताई, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि चालू ठेवा म्हणाला तरी माझा राग त्याच्यावर नसायचा. वाटायचं, उद्या म्हणेल. मला मारणाऱ्यांचा मी पुरेपूर द्वेष केला, त्या द्वेषानं मला जिवंत ठेवलंय. पण ह्या एकाचा मला करता आला नाही. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. आणि आता तू सांगतेस की परसात माझं अंग सैल पडलं ते त्याच्या शेजारी. मला त्यानं नाव सांगितलं नव्हतं, आवाज ऐकवला नव्हता, आणि माझ्या अंगानं त्याला ओळखलं. महिनाभर मी हाच विचार करतोय.

त्याचा राग नाही म्हटलं, पण तुझा आहे. तू मिर्तासाठी केलंस हे मला समजतं. आईच्या डोळ्यांदेखत परसात तू एकाला मुका केलंस आणि दुसऱ्याला आंधळा केलंस, आणि दोघांना खाऊपिऊ घातलंस. सध्या देशभर हेच चाललंय गं. मंत्री सांगतात की झालं गेलं विसरा, शेजारी सांगतात की कशाला उकरता. पण ते दुसऱ्यांच्या घरी. माझ्या बहिणीनं असं करावं?

मी लग्नाला येईन. सूट तयार आहे, मला तो बराही दिसतो. एकच मागणं आहे. त्यानं एकदा त्याच परसात, आईसमोर आणि मिर्तासमोर, स्वतःच्या तोंडानं सांगावं की मी तिथं होतो आणि हे हे करत होतो. माफी नको. रडणं तर मुळीच नको. नुसतं सांगावं, त्याच्याच आवाजात. मग मी मिर्ताचा हात धरीन आणि त्याच्याही हातात हात देईन. नाही सांगितलं तर मी येणार नाही, आणि मिर्ताला काय कारण द्यायचं ते तू बघ. मी तिला काही लिहिणार नाही. तिचा संसार माझ्या पत्रानं मोडायला नको.

तोवर पत्रं थांबवतो. लोभ संपला असं समजू नकोस, पण सध्या तो कुठं ठेवलाय ते मलाच सापडत नाही.

मिल्तोन


मिनास,
२४ सप्टेंबर १९८५

चि. मिल्तोन यास,
तुला हे पत्र उघडावंसं वाटेल की नाही कोण जाणे, तरी आशीर्वाद.

शनिवारी लग्न झालं. तू आला नाहीस यावरून तुला उत्तर कळलंच आहे. पण उत्तर मी तुला द्यायला हवं होतं, आणि ते मी तीन महिने दिलं नाही. आज देते.

तुझं पत्र आलं आणि लगेचच्या रविवारी मी एलादिओकडे गेले. पाऊस लागला होता. तो मागच्या पडवीत कोंबड्यांना दाणे टाकत होता. तू लिहिलंस तसंच्या तसं मी त्याला सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्यानं उरलेले दाणे टाकून संपवले. मग म्हणाला, की एकट्या तुमच्या भावापुरतं असतं तर सांगितलं असतं. पण आता कोर्टात खटले उभे राहताहेत, जुने साहेब घरोघर येऊन बजावून गेलेत की कोणी तोंड उघडायचं नाही. एक बोलला की बाकीच्यांची नावं विचारणार. पेन्शन जाणार. त्याच्या बायकोला, ब्लांकाला, तो छावणीत काय करायचा ते माहीत नाही. आरिएलला तर नाहीच. आणि मग तो म्हणाला, की विहीणबाई, तुम्ही आणि मी एकाच जातीची माणसं, दोघांनाही लेकरांना मार्गी लावायचंय.

त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. माझा हात उठला नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. तेवढ्यात ब्लांका गरम गरम पुऱ्यांची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, की पावसात आलात, खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. मी खाल्ल्या. वरून साखर मागून घेतली.

मिर्ताला मी सांगितलं की तुझी छाती पुन्हा बिघडली आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. ती म्हणाली की मग लग्न पुढं ढकलू, मामा बरा झाला की करू. मी म्हटलं की हॉलचे पैसे भरलेत. इतकी साधी सबब, आणि पोरीनं विश्वास ठेवला. ओमारच्या भावानं हात धरला. तू म्हणाला होतास तसंच झालं, दोन वेळा मिर्तानंच त्याला सावरलं. ती सारखी दाराकडे बघत होती. फोटोवाल्यानं तिला समोर बघायला सांगितलं.

मग क्लबच्या हॉलमध्ये जेवणं झाली आणि एलादिओ सायडरचा पेला घेऊन उभा राहिला. मिल्तोन, मी त्याचा आवाज आजवर असा भरून कधी ऐकला नव्हता. माझ्याशी तो नेहमी हळू बोलायचा. गोड आवाज आहे रे. रेडिओवर शोभेल असा. आरिएल लहानपणी शेजाऱ्याच्या डुकराच्या पाठीवरून पडला ती गोष्ट त्यानं इतकी रंगवली की लोक पोट धरून हसले. तू नव्हतास, मग त्याला आता कसली भीती! मी ताटाकडे बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, की हाच तो आवाज, हाच तो. माझ्या शेजारी आई. तिला एकूण एक शब्द ऐकू आला.

गोष्ट संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि आई टेबलावरून त्याला ओरडून म्हणाली, की अरे बाबा, देवानं एवढा झकास गळा दिलाय, मग त्या दिवशी माझ्या मिल्तोनसमोर मुक्यासारखा का बसला होतास? मला तर वाटलं, माझ्या नातीला मुका सासरा मिळाला!

एलादिओच्या हातात पेला तसाच होता. तो आईकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मिर्ताही माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा एक शब्द बोलले असते तर झालं असतं. तो शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, देवाशपथ आला होता.

आणि मी हसले, मिल्तोन. सगळ्यांत आधी मी हसले, सगळ्यांत मोठ्यानं. मग सगळा हॉल हसला.

लोभ मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही.

एल्बिया